बी हॉटेल विकत घेताना: छप्पर नंतर बघा, आधी भोकं मोजा

वसंत जवळ आला की बागकामाच्या सामानात एक वस्तू हमखास पुढे मांडलेली असते. उतरत्या छपराचं लाकडी खोकं, त्यात बांबूचे तुकडे, पाइनची सुकी फळं, सालीचे ढलपे, थोडं गवत, मधोमध फुलपाखरांसाठी म्हणून तीन उभ्या फटी, आणि वर टांगायला सुतळी. नाव ‘बी हॉटेल’, म्हणजे मधमाश्यांनी आत घरटी करावीत म्हणून ठेवायचं घर, नाहीतर ‘इन्सेक्ट हॉटेल’. सोबत बहुतेक वेळा फुलांच्या बियांचं एक पाकीटही मिळतं.

निकाल आधीच सांगतो. हे सजावटीचं खोकं घेऊ नका. घ्यायचंच असेल तर खाचा पाडलेल्या लाकडी फळ्यांची, उघडून साफ करता येणारी चळत घ्या. ती मिळाली नाही तर आतला कागद बदलता येईल अशा जाड पुठ्ठ्याच्या नळ्यांचा संच चालेल. भोकं पाडलेला लाकडाचा ओंडका तिसरा, तोही दोन हंगामांनी बदलायची तयारी असेल तरच. बांबूची मोळी त्याच्याही खाली.

ही क्रमवारी का, ते कळायला आत कोण राहतं हे माहीत हवं. जगात मधमाश्यांच्या सुमारे २०,००० जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक एकांड्या आहेत. त्यांना पोळं नसतं, राणी आणि कामकरी अशी वाटणी नसते, मधाचा साठा नसतो. प्रत्येक मादी स्वतःचं घरटं स्वतः बांधते. यातल्याही बहुतेक जाती जमिनीत बिळं करतात. लाकडातली जुनी भोकं, पोकळ काड्या, भिंतीतल्या फटी अशा तयार पोकळ्या शोधणाऱ्या जाती थोड्या, आणि बी हॉटेल आहे ते फक्त त्यांच्यासाठी. थंड आणि समशीतोष्ण हवामानात वसंतात येते ती चिखलाने घरटं लिंपणारी ऑस्मिया. जरा ऊब वाढली की पानं कापणारी मेगाकाइल येते. उष्ण हवामानात मेगाकाइल आणि तिच्या राळ वापरणाऱ्या भावकीचंच राज्य असतं. मध देणाऱ्या माश्या या खोक्याकडे ढुंकूनही बघत नाहीत, त्यामुळे ‘वर्ष झालं, मध आला नाही’ ही तक्रार वस्तूवर टाकण्यात अर्थ नाही.

ऑस्मियाची मादी नळीत शिरते ती थेट तळाशी. तिथे परागकण आणि थोडा मकरंद यांचा गोळा करते, त्यावर एक अंडं घालते आणि पुढे चिखलाची भिंत घालून कप्पा बंद करते. मग पुढचा गोळा, पुढचं अंडं, पुढची भिंत. एका कप्प्यापुरते पराग आणायला तिच्या वीस-पंचवीस फेऱ्या सहज होतात. फलित अंड्यातून मादी निघते, अफलित अंड्यातून नर. माद्यांची अंडी ती आत, तळाकडे घालते आणि नरांची तोंडाकडे, कारण नर आधी बाहेर पडतात. नळी आखूड असली की सगळी पंगत नरांचीच होते आणि पुढच्या वर्षी घरटं बांधायला माद्याच कमी उरतात. बाजारातल्या सजावटी खोक्यांची खोली कित्येकदा सहा-सात सेंटिमीटरच असते. खोका भरलेला दिसतो, सगळी भोकं चिखलाने बंद दिसतात, घेणारा खूश होतो. आणि दुसऱ्या वर्षी गर्दी का ओसरली ते कुणाला कळत नाही.

म्हणून दुकानात जाताना एक नवी, न तासलेली पेन्सिल खिशात ठेवा. तिची जाडी साधारण ७ मिलिमीटर आणि लांबी १७-१८ सेंटिमीटर असते. ऑस्मियाला लागतं ८ मिलिमीटरच्या आसपासचं भोक आणि १५ सेंटिमीटर खोली. पेन्सिल भोकात किंचित सैलसर जायला हवी आणि बाहेर फार तर दोन-तीन सेंटिमीटर उरायला हवी. अर्धीअधिक बाहेर राहिली तर खोकं खाली ठेवून द्या. दुसऱ्या बाजूने पेन्सिल बाहेर आली तर नळीला तळच नाही, आणि आरपार उघड्या नळीत मादी सहसा घरटं करत नाही. मेगाकाइलच्या लहान जातींना ५ ते ६ मिलिमीटरचं भोक आणि १० सेंटिमीटर खोली पुरते. अगदी बारीक जातींसाठी ३ ते ४ मिलिमीटरची थोडी भोकं असली तर चांगलंच. १० मिलिमीटरच्या पुढचं भोक यांच्या उपयोगाचं नाही. तिथे कोळी जाळं विणतील. ऑनलाइन घेत असाल तर वर्णनात भोकाचा आतला व्यास आणि खोली दिलेली आहे का ते बघा. नुसती खोक्याची उंची-रुंदी दिली असेल तर विकणाऱ्यानेही भोकं मोजलेली नाहीत असं समजा.

सजावटी खोक्याचे बाकीचे कप्पेही एकदा नीट पाहू. पाइनच्या फळांत मधमाशी राहत नाही. कोळी आणि कानेखजुरे राहतात. त्यांनी बागेत असायला हरकत नाही, पण मधमाशीच्या दाराशेजारी त्यांना जागा देण्यात शहाणपण नाही. फुलपाखरांच्या फटी तर निव्वळ चित्रासाठी. फुलपाखरं रात्री पानाखाली, गवतात, सालीच्या आडोशाला बसतात, असल्या फटीत शिरत नाहीत. गवताचा कप्पा पावसात भिजतो आणि सगळ्या खोक्याला बुरशी देतो. छप्पर बहुतेक वेळा भिंतींच्या रेषेतच संपतं. वळचण पुढे पाच ते आठ सेंटिमीटर आली नाही तर तिरका पाऊस थेट नळ्यांत जातो. वर चकचकीत रंग किंवा व्हार्निश. त्याचा वास जाईपर्यंत माश्या जवळ येत नाहीत आणि कीडरोधक द्रव पाजलेलं लाकूड असेल तर न आलेल्याच बऱ्या.

बांबूच्या मोळीत कल्पना वाईट नाही. बांबूच्या पेरातली गाठ नळीचा नैसर्गिक तळ होते. घोटाळा कापण्यात होतो. गाठ मध्येच येते, पुढे चार सेंटिमीटर आणि मागे पाच अशी वाटणी होते, दोन्हीकडची जागा वाया. चांगल्या तुकड्यात गाठ अगदी मागच्या टोकाला असते आणि तिच्यापुढे सलग १२ ते १५ सेंटिमीटर पोकळी असते. दुसरी अडचण तोंडावरच्या कुसळांची. करवतीने कापलेल्या कडेला उभे तंतू राहतात, त्यावर माशीचे पंख फाटतात. बारीक पॉलिश पेपर गुंडाळून प्रत्येक तोंड आतून घासून घ्यावं लागतं. तिसरी अडचण कायमची: बांबू न फोडता आत बघता येत नाही. रोग लागला तरी कळत नाही आणि कळला तरी साफ करता येत नाही.

ओंडक्याचंही तेच, फक्त तो टिकाऊ दिसतो म्हणून लोक वर्षानुवर्षं ठेवतात. विकतचा ओंडका घेताना भोकं कुठल्या बाजूने पाडली आहेत ते पाहा. झाडाच्या वलयांच्या बाजूने, म्हणजे कापलेल्या गोल टोकात पाडलेली असतील तर लाकूड वाळताना भेगा जातात आणि भेगा भोकांना छेदतात. त्याच भेगांतून परजीवी आत शिरतात. सालीच्या बाजूने, तंतूंना आडवी पाडलेली भोकं टिकतात. घरी करणार असाल तर जुनं, सुकलेलं, रंग न दिलेलं टणक लाकूड घ्या. मऊ लाकडात आतून कुसळं उभी राहतात. ८ मिलिमीटरच्या लांब ड्रिलने १५ सेंटिमीटर खोल जा, मागची बाजू फोडू नका, दोन भोकांच्या मध्यांत किमान दोन सेंटिमीटर अंतर ठेवा आणि भुसा पुरता झटकून काढा.

कागदी नळ्यांच्या संचात बाहेरची पुठ्ठ्याची नळी आणि आत सरकणारी पातळ कागदाची गुंडाळी असते. हंगाम संपल्यावर आतली गुंडाळी ओढून काढायची, उलगडायची आणि पुढच्या वर्षी नवी घालायची. इथे जाडी महत्त्वाची. पातळ कागदाच्या भिंतीतून मोनोडोंटोमेरस नावाची बारीकशी परजीवी गांधीलमाशी अंडी घालायची आपली सुईसारखी नळी आरपार घालते आणि आतल्या कोषावर अंडी घालते. बोटाने दाबल्यावर नळी चेपली तर ती कामाची नाही. प्लास्टिकच्या स्ट्रॉ तर कुणी फुकट दिल्या तरी नकोत. प्लास्टिक हवा खेळू देत नाही, आत दव धरतं, परागाच्या गोळ्याला बुरशी येते आणि अळी मरते.

आता ज्याची शिफारस केली ती फळ्यांची चळत. एकावर एक ठेवलेल्या लाकडी फळ्या, प्रत्येकीवर अर्धगोल किंवा चौकोनी खाचा, मागून एक पट्टी, आणि सगळं पट्ट्याने किंवा लांब स्क्रूने आवळलेलं. उघडलं की प्रत्येक कप्पा डोळ्यासमोर. निरोगी कोष वेगळे, मेलेल्या अळ्या वेगळ्या, परजीवी वेगळे करता येतात. दोष याच्यातही आहेत. फळ्या नीट रंधलेल्या नसल्या तर दोन फळ्यांमध्ये केसाएवढी फट राहते आणि शेजारच्या खाचेत उजेड दिसतो. ही परजीवींची सरळ वाट. दुकानात चळत उजेडासमोर धरा. फटीतून रेघ दिसली तर दुसरी मागा. पातळ प्लायवूडच्या फळ्या पावसाळी हवेत वाकतात आणि पट्टा कितीही आवळला तरी परत बसत नाहीत. जाड, सलग लाकडाची घ्या. काही संचांत एका बाजूला पारदर्शक पत्रा असतो, आत बघायची सोय म्हणून. मुलांना दाखवायला छान, पण त्या बाजूला बाष्प साचतं आणि झाकण उघडं राहिलं तर ऊनही आत जातं. असा संच घेतलाच तर त्यावर लाकडी झाकण घट्ट बसतं का ते आधी बघा.

बसवण्याबद्दल पाकिटावरच्या सूचना बहुधा दोन ओळींच्या असतात आणि त्यातली ‘झाडाच्या फांदीला टांगा’ ही ओळ चुकीची. हलणाऱ्या घरात माशी उतरायला कचरते आणि परागाच्या गोळ्यावरचं अंडं निसटू शकतं. भिंतीला किंवा पक्क्या खांबाला स्क्रूने बसवा, जमिनीपासून एक ते दोन मीटर उंचीवर. तोंड पूर्वेकडे असावं म्हणजे सकाळचं ऊन मिळतं आणि माशी लवकर कामाला लागते. जिथे दुपारचं ऊन भाजतं तिथे दुपारनंतर सावली हवीच. समोर वेल-फांद्यांची आडकाठी नको. पक्षी नळ्या उपसत असतील तर दोन-तीन सेंटिमीटरच्या घरांची तारेची जाळी लावा, पण नळ्यांच्या तोंडापासून किमान पाच सेंटिमीटर पुढे. चिकटून लावलेल्या जाळीतून चोच आत जातेच. ऑस्मियासाठी दिवसाचं तापमान १३ अंश सेल्सिअसच्या आसपास स्थिरावण्याआधी घर जागेवर असायला हवं. मेगाकाइलला त्याहून बरीच ऊब लागते. एकदा माश्या येऊ लागल्या की घर हलवू नका. त्या जागा खुणांवरून लक्षात ठेवतात, मीटरभर सरकवलं तरी शोधत बसतात.

चिखल हा भाग कुठल्याच संचात नसतो, आणि ऑस्मियासाठी तो नळीइतकाच गरजेचा. चिकणमाती हवी, ओली करून बोटांत वळली तर तिची सुतळी झाली पाहिजे. वाळूची माती वळत नाही, तिच्या भिंती ढासळतात. घरापासून जवळच वीत-दीड वीत खोल खड्डा करून त्याची एक कड ओलसर ठेवा, किंवा पसरट भांड्यात चिकणमाती ठेवून रोज पाणी शिंपडा. पाणी साचू देऊ नका.

आता सोबतच्या बियांच्या पाकिटाविषयी. खरा घोळ इथे आहे, कारण घर आणि बिया एकाच दिवशी बाहेर निघतात. घर त्याच आठवड्यात वापरात येऊ शकतं. बियांना फूल यायला मात्र लवकरात लवकर सहा ते दहा आठवडे लागतात, आणि ऑस्मियाच्या मादीचं उडण्याचं आयुष्यच चार ते सहा आठवड्यांचं. म्हणजे फुलं येतात तेव्हा जिच्यासाठी पेरली ती संपलेली असते. वसंतातल्या माश्यांसाठी फुलं आधीच असायला हवीत: सफरचंद, चेरी, नाशपाती, आलुबुखार यांसारख्या फळझाडांचा मोहोर, किंवा मागच्या हंगामात पेरलेली मोहरी आणि बोरेज. पाकिटातल्या बिया नंतर येणाऱ्या मेगाकाइलच्या उपयोगी पडतात, आणि तेवढ्यासाठी त्या ठीक आहेत.

पाकीट निवडताना ‘मिश्र रानफुलं’ एवढंच लिहिलेलं असेल तर ते सोडा. जातींची नावं हवीत. सूर्यफूल, कॉसमॉस, फॅसिलिया, बोरेज, मोहरी, कोथिंबीर, बडीशेप ही नावं दिसली तर पाकीट कामाचं. कोथिंबीर आणि बडीशेप यांच्या छत्रीसारख्या फुलोऱ्यात मकरंद उथळ असतो, त्यामुळे आखूड सोंडेच्या सिरफिड माश्या (दिसायला मधमाशीसारख्या, पण वेगळ्या) आणि बारीक परजीवी गांधीलमाश्या तिथे येतात. यातल्या बऱ्याच सिरफिड माश्यांच्या अळ्या मावा फस्त करतात. बहुवर्षायू जातींचं प्रमाण जास्त असेल तर पहिल्या वर्षी नुसती पानं बघायची तयारी ठेवा. दुहेरी पाकळ्यांच्या जाती असतील तर मात्र पैसे वाया. त्यांत पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, पराग जवळजवळ नसतो आणि गर्दीतून मकरंदापर्यंत सोंड पोचत नाही. सूर्यफुलाच्या काही संकरित जाती तर फुलदाणीत पराग सांडू नये म्हणून मुद्दाम परागहीन केलेल्या असतात; ‘परागविरहित’ असं लिहिलं असेल तर त्या इथे नकोत.

प्रमाणाचा दावाही तपासा. मिश्र बिया चौरस मीटरला ३ ते ५ ग्रॅम लागतात, म्हणजे १० ग्रॅमचं पाकीट दोन-तीन चौरस मीटरांना पुरेल. पाकिटावर याच्या दसपट जागा लिहिलेली असते ती विसरा, आणि वजनात भुसा किंवा वर्मिक्युलाइट धरलं आहे का तेही पाहा. पेरताना बियांत चार-पाच पट कोरडी वाळू मिसळा म्हणजे सारख्या पडतात. बारीक बियांवर माती लोटू नका, हाताने दाबा आणि झारीने पाणी द्या. खत घालू नका. सुपीक मातीत गवतच माजतं.

घर भरू लागलं की तोंडावरच्या बुचावरून आत कोण आहे ते ओळखता येतं. खडबडीत चिखल म्हणजे ऑस्मिया किंवा चिखलाचीच भिंत घालणारी एखादी गांधीलमाशी. पानांच्या गोल चकत्या म्हणजे मेगाकाइल. शेजारच्या गुलाबाच्या पानांना अर्धगोल कातरे दिसले तर ते तिचंच काम. त्यावर फवारणी करू नका, झाडाला काही होत नाही. राळेचं चमकदार बूच राळ वापरणाऱ्या माशीचं, पांढऱ्या कापसासारखं बूच झाडांची लव खरवडून आणणाऱ्या अँथिडियमचं, पारदर्शक पापुद्रा लहान हायलियसचा. गवताच्या काड्यांचा झुबका बाहेर आला असेल तर ती आयसोडोंटिया गांधीलमाशी, तिने आत नाकतोडे आणि रातकिडे साठवलेले असतात. तिला उपटून टाकू नका. कॅनडातल्या टोरोंटो परिसरात सुमारे ६०० बी हॉटेलांवर तीन वर्षं केलेली पाहणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली; तिच्यात स्थानिक गांधीलमाश्या मधमाश्यांहून अधिक आढळल्या. त्या एकांड्या असतात, अंगावर येत नाहीत आणि अळ्या, कोळी, नाकतोडे उचलतात. म्हणून ‘मधमाश्या वाचवा’ असं छापलेल्या खोक्यात गांधीलमाशी दिसली तर वस्तू खोटी निघाली असं नाही.

साफसफाई न करण्यानेच बहुतेक घरं बिघडतात. एकाच जागी खूप घरटी आली की परागावर जगणारे माइट्स नावाचे अगदी बारीक जीव वाढतात. माशीच्या अंगावर त्यांचा पिवळट-तपकिरी थर दिसतो आणि तिला उडणं जड जातं. कप्प्यात कुरळ्या धाग्यांसारखी नारिंगी-तपकिरी विष्ठा दिसली तर कॅकोझेनस नावाच्या परजीवी माशीच्या अळ्यांनी पराग खाल्ला आहे. खडूसारखी कडक, करडी-काळी अळी म्हणजे चॉकब्रूड बुरशी. ती मोडू नका, बीजाणू उडतात. चिमट्याने उचलून जाळा किंवा बंद पिशवीत टाका. बुचावर टाचणीएवढं गोल भोक असेल तर परजीवी जन्माला येऊन निघून गेला आहे. एक मोठं हॉटेल ठेवण्यापेक्षा बागेत दूर दूर दोन-तीन लहान घरं ठेवली तर हे सगळं बरंच आटोक्यात राहतं.

ऑस्मियाचे कोष हंगामानंतर, आत पूर्ण वाढलेली माशी तयार झाल्यावर, शरद ऋतूत काढतात. थंड पाण्यात हलकेच फिरवले की माइट्स आणि चिखल सुटतो. चांगले कोष तरंगतात. कागदावर वाळवून, भोकं पाडलेल्या डब्यात २ ते ४ अंश सेल्सिअसवर ठेवतात. डबा कोरडा पडू देऊ नका, फ्रीजच्या सुक्या हवेत माश्या वाळून मरतात. ही पद्धत फक्त ऑस्मियासाठी. मेगाकाइल पानांच्या वेष्टनात अळीच्या अवस्थेतच थांबते, तिला धुवायचं नसतं, आणि उष्ण हवामानात तिच्या वर्षात अनेक पिढ्या होतात, तेव्हा फ्रीजचा प्रश्नच नाही. फळ्या मात्र दोघींच्याही खरवडून, गरम पाण्याने धुऊन, उन्हात खडखडीत वाळवायच्या.

काही विक्रेते घरासोबत जिवंत कोषही देतात. ते न घेतलेलेच बरे. कोषांबरोबर माइट्स, बुरशी आणि परजीवी फुकट येतात, आणि जात परक्या प्रदेशातली असेल तर स्थानिक माश्यांना नवी स्पर्धा. विक्रेत्याला जातीचं नाव आणि कोष कुठल्या भागातले ते सांगता येत नसेल तर नुसतं घर घ्या. जवळपास फुलं आणि चिखल असेल तर स्थानिक माश्या पहिल्या नाहीतर दुसऱ्या हंगामात स्वतःच जागा शोधतात. दोन हंगाम रिकामे गेले तर आधी ऊन-सावली तपासून घर दुसऱ्या भिंतीवर लावा, आणि हे काम माश्या उडत नसलेल्या दिवसांत करा.